आयव्हरीनच्या नावावरचं पॉलिश

आर्डेसा टॉलिव्हरच्या तळघरात जायचं असेल तर आधी हात धुवावे लागतात. पाहुणा असो, पुतण्या असो, नाहीतर चर्चचा कारभारी डीकन असो, स्वयंपाकघरात साबण ठेवलेला असतो आणि जिन्याच्या तोंडाशी आर्डेसा कमरेवर हात ठेवून उभी असते. खाली तीन भिंतींना फळ्या आहेत आणि फळ्यांवर छोट्या तबकड्या, एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला एक. तिच्या सॅगिनॉ गावच्या माणसानं सॅगिनॉतच गायलेलं असलं पाहिजे, एवढा एकच तिचा नियम. डेट्रॉइटचं कोणी काही कौतुकानं घेऊन आलं तर ती बोटही लावत नाही. "डेट्रॉइटला काय कौतुक करणारे कमी पडले?" म्हणते.

तबकड्या लावायची तिची तऱ्हाही जगावेगळी. लोक नावानं लावतात, सालानं लावतात. ही लावते गल्लीनं. जेन्स अव्हेन्यूवर राहणारे सगळे एका फळीवर, नॉर्मन स्ट्रीटवरचे दुसऱ्या. त्यामुळे होतं काय, की येशूच्या नावानं टाहो फोडणारे चार म्हातारे आणि बारमध्ये कंबर हलवायला लावणारा बँड खेटून बसतात. डीकन हॉलोवेनं हे पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा आंबट झाला.

"सिस्टर, देवाचं आणि सैतानाचं एकाच फळीवर?"

"दोन्हीकडे ड्रम वाजवणारा एकच होता, डीकन. शनिवारी रात्री तिकडे, रविवारी सकाळी इकडे. त्याला कुठं बसवू सांगा. अर्धा इथं नि अर्धा तिथं?"

डीकन तडक जिना चढून गेला.

हा खजिना तिनं जमवला कसा, तर केक करकरून. कोणी जुनं माणूस गेलं की गावाच्या पूर्व भागातल्या कुठल्याही घरी आर्डेसाचा पाउंड केक पोचायचा. त्या दिवशी तबकडीचं नाव काढायचं नाही. मयताच्या घरात लोक जेवत असताना सामानाची चौकशी करणाऱ्याला ती गिधाड म्हणते. काही दिवसांनी दुसरा केक. घरच्या बाईनं दुसरा तुकडा उचलला की मग हळूच विचारायचं, "तुमचे हे गायचे ना गं पूर्वी?" बाई रडायची, हसायची, मग तळघरात न्यायची. भट्टीच्या उबेनं वाकड्या झालेल्या, पुराच्या पाण्यानं फुगलेल्या, पोरांनी चकत्या म्हणून फेकलेल्या तबकड्या आर्डेसा पदरात बांधून आणावं तशा आणायची. इंग्लंडचा एक गोरा, जपानचे दोघं, असे लांबून लांबून लोक तिच्याकडे यायचे आणि तोंडाला येईल तो आकडा बोलायचे. त्यांना ती मासा तळून खायला घालायची, हवं तेवढं ऐकवायची. "पोटभर ऐक बाबा. पण हात खिशातच राहू दे."

हे सगळं खरं असलं तरी तिच्या जिवाची तबकडी एकच होती. पिवळ्या लेबलची. तिच्यासाठी ती कुणाशीही भांडली असती, आणि भांडलीच.

ती निघाली एकोणीसशे अडुसष्ट साली. ग्लोरियस गेट बाप्टिस्ट चर्चमध्ये चार पोरी गायच्या, ग्लोरियस गेट ज्युनियर्स म्हणून. आयव्हरीन स्टब्ज सतरा वर्षांची, पुढं उभी राहून गाणारी. मागं आवाज देणाऱ्या तिघींत आर्डेसा सगळ्यात लहान, चौदाची. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या लूथर बिव्हन्सच्या गॅरेजात भिंतींना गोधड्या टांगून गाणं टेप केलं. गाणं होतं 'बारा टोपल्या'. पाच भाकरी आणि दोन माशांत सगळी माणसं जेवली, वर बारा टोपल्या उरल्या, मग माझ्याच ताटात का नाही, असं विचारणारं. शेवटच्या कडव्यात आयव्हरीननं असा काही आवाज लावला की लूथरच्या मशीनचा काटा लाल रेघ ओलांडून पलीकडे आपटला. लूथर म्हणाला, "परत घेऊ, आवाज फाटला." आयव्हरीन म्हणाली, "फाटू दे." तबकडीवर तो फाटलेला आवाज अजून आहे. त्या क्षणी आर्डेसाच्या अंगावर काटा आला होता, आणि इतकी वर्षं झाली तरी येतो.

तबकड्या छापून येईपर्यंत आयव्हरीनचं पोट दिसायला लागलं होतं.

ग्लोरियस गेटमध्ये रीत होती. अशा पोरीनं रविवारी सगळ्यांच्या समोर उभं राहायचं, तोंड लोकांकडे करून माफी मागायची. मग कोणीतरी 'घ्या तिला' म्हणायचं, दुसऱ्यानं दुजोरा द्यायचा आणि पास्टरनं उजवा हात पुढं करायचा. हात हातात घेतला की ती पुन्हा चर्चची. नाही मागितली तर तिला खाली बसवायचे, म्हणजे गाणं बंद, काम बंद, बोलणं बंद. आणि ज्याच्यापासून तिला दिवस गेले त्या पोराचं काय? पोराचं काही नाही. पोरगा पुढच्या रविवारी मजेत ड्रम बडवत होता. काय बोलायचं अशा न्यायाला!

आयव्हरीन उभी राहिली. एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "देवाची मागायची असेल ती मी घरी मागीन. तुमचं मी काही घेतलेलं नाही." आणि टाचा वाजवत मधल्या वाटेनं निघून गेली. दार तिनं लावूनसुद्धा घेतलं नाही. जानेवारीचा वारा आत आला, तो पहिल्या बाकापर्यंत पोचला.

आता पंचाईत झाली तबकड्यांची. पैसे भरून बसलेले, पेट्या चर्चच्या तळघरात येऊन पडलेल्या, आणि प्रत्येक पिवळ्या लेबलवर गाण्याच्या नावाखाली स्पष्ट छापलेलं: मुख्य आवाज, आयव्हरीन स्टब्ज. फेकवत नाहीत आणि विकवत नाहीत. मग मदर्स बोर्ड बसलं. मदर्स बोर्ड म्हणजे चर्चच्या जुन्याजाणत्या बायका, पांढऱ्या पोशाखात पुढच्या बाकांवर बसणाऱ्या, ज्यांच्यापुढे पास्टरचंही काही चालत नाही. त्यांच्याबरोबर आर्डेसाची आई लुव्हेनिया बसली. ती अशर मंडळाची मुख्य. अशर म्हणजे पांढरे हातमोजे नि पांढरे बूट घालून लोकांना जागेवर नेऊन बसवणारी, मूर्च्छा आली तर सावरणारी. त्या बायकांनी पांढऱ्या बुटांना लावायचं पॉलिश घेतलं, बाटलीच्या तोंडाशी स्पंज असतो ना तेच, आणि दुपारभर बसून एकेका तबकडीवरचं आयव्हरीनचं नाव फासून टाकलं. गाणं राहिलं, चर्चचं नाव राहिलं, पोरगी गेली.

आर्डेसानं जिन्यावरून हे बघितलं. रात्री जेवताना ती आईला म्हणाली, "मी यापुढं गाणार नाही." लुव्हेनियानं थोबाडीत दिली. तरी नाहीच गायली. आयुष्यात परत कधी नाही. आईचं नि तिचं त्यानंतर बोलणं व्हायचं ते मिठाचं, बिलाचं, बर्फाचं. आई वारली तेव्हा आर्डेसानं सगळं रीतसर केलं, पण ती बाटली काही तिच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

तुम्ही म्हणाल, मग तिनं ते चर्च सोडलं का नाही? तिला हे विचारायची सोय नव्हती. "मी का सोडू? माझ्या आजोबांनी विटा वाहिल्यात तिथं. ज्यांना लाज वाटते त्यांनी सोडावं." ती आईच्या जागी अशर झाली, तेच पांढरे मोजे घातले, आणि दर रविवारी ताठ मानेनं दाराशी उभी राहिली. आणि आठवडाभर केक घेऊन घरोघर जाऊन पिवळ्या लेबलची तबकडी गोळा करत राहिली. मिळाली की घरी आणायची, कापसाचा बोळा ओला करून घट्ट पिळायचा, आणि नावावर हलकेच फिरवायचा. पाणी जास्त झालं तर पिवळा रंगही सुटतो, म्हणून श्वास रोखून करायचं काम. पांढरं कापसाला यायचं आणि खालून अक्षरं वर यायची. प्रत्येक वेळी ती मोठ्यानं म्हणायची, "ये बाई, ये बाहेर."

आणि आयव्हरीन? तिनं मुलगा वाढवला, हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुतल्या, पॉटर स्ट्रीटवरच्या बारमध्ये बँडबरोबर गायली. तिथल्या गाण्याचीही तिची एक तबकडी निघाली, नाचायला लावणारी, वर हे एवढं मोठं नाव. आर्डेसाकडे दोन्ही शेजारी शेजारी होत्या. ग्लोरियस गेटची पायरी मात्र आयव्हरीननं पुन्हा चढली नाही.

तर एवढ्या वर्षांनी लूथर बिव्हन्सची बायको डॉर्थुला मुलीकडे राहायला निघाली आणि तिनं गॅरेज साफ करायला आर्डेसाला बोलावलं. कामाच्या टेबलाखाली, जुन्या टीव्हींच्या पाठी, एक पेटी होती. न विकल्या गेलेल्या तबकड्या चर्चनं लूथरकडे परत टाकल्या होत्या. पिवळी लेबलं, एकूण एक पॉलिश फासलेली. आर्डेसा उलट्या बादलीवर बसली. तिला हसावं की रडावं कळेना. मग ती पेटी तिनं शेजारच्या सीटवर ठेवून घरी आणली, गाडीच्या मागच्या खणात ठेवायची तिची छाती झाली नाही.

डॉर्थुलाच्या पोटात मात्र काही राहत नव्हतं. बुधवारच्या प्रार्थनेला ती बोलली, आणि गुरुवारी डीकन हॉलोवे नि पास्टर ग्रिग्स्बी आर्डेसाच्या दारात. पास्टर तरुण, अटलांटात शिकून आलेला, बोलायला गोड. चर्चला त्या शरदात शंभर वर्षं होत होती.

"सिस्टर टॉलिव्हर, ही तर देवाचीच कृपा," पास्टर म्हणाला. "शंभराव्या वर्षाला आपल्याच पोरींचं गाणं. प्रत्येक कुटुंबाला एक एक देऊ."

"द्या की."

"फक्त लेबलवर ते पांढरं काहीतरी पसरलंय, बरं दिसत नाही." डीकननं खिशातून गोल सोनेरी स्टिकर काढला. ग्लोरियस गेट, शंभर वर्षं. "हा वर चिकटवला की काम झालं. बरोबर मावतो. मापच घेतलंय."

आर्डेसानं स्टिकरची पाठ सोलली, अंगठ्यावर चिकटवून बघितला, ओढला. कातडी निघेल असा डिंक. लेबलवर एकदा हा बसला की नाव कधीही, कुणालाही दिसणार नव्हतं. पॉलिश पाण्यानं जातं. हा कागदासकट निघाला असता.

"पांढऱ्याखाली काय आहे माहीत आहे तुम्हाला?"

"कुणाचं तरी नाव आहे म्हणतात," पास्टर म्हणाला.

"कुणाचं तरी!" आर्डेसाचा पारा चढला. "अहो, गाणं त्या कुणाचं तरीच्याच आवाजात आहे ना? का तेही स्टिकरनं गायलं?"

डीकन म्हणाला, "सिस्टर, पेटी चर्चची आहे. चर्चच्या पैशांनी छापलीय."

"मग चर्चनं फुकट का टाकली लूथरच्या टेबलाखाली? उंदरांनी खाल्ली असती तर आला असतात का उंदरांकडे मागायला?"

"उगाच जुनी खपली काढू नका."

"खपली कुठली? तुम्ही जखमेवर सोन्याचा कागद लावताय. पेटी मिळायची नाही. जा."

त्या रविवारी तिला खाली बसवलं. साठी ओलांडलेल्या बाईला! अशरचा बिल्ला काढून घेतला, मोजे काढून घेतले, मागच्या बाकावर जागा दाखवली. ती दाखवायला तिनंच शिकवलेली पोरगी होती, बिचारीनं हात अर्धवटच पुढं केला. आर्डेसा म्हणाली, "हात सरळ ठेव गं. मी असं शिकवलं का तुला?" आणि मागच्या बाकावर जाऊन बसली, तेही मधोमध, ऐसपैस.

पण घरी आल्यावर ती रडली. सगळ्यांसमोर खाली बसवण्यात काय असतं ते तिला तोवर फक्त ऐकून माहीत होतं. मग तिनं तोंड धुतलं, पेटी गाडीत घातली, कापसाचं अख्खं पुडकं घेतलं आणि आयव्हरीनकडे गेली.

आयव्हरीन स्वयंपाकघरात एकटीच पत्ते मांडून बसली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, शेजारी चाकांची छोटी टाकी. जीभ मात्र ठणठणीत.

"काय गं, खाली बसवलं म्हणे तुला! ये, आता आपली जात एक झाली."

"हसू नकोस. शंभराव्या वर्षाच्या आत या सगळ्या पुसायच्या आहेत मला. एकेक स्वच्छ करून त्यांच्या तोंडावर टाकते. बघूच कसा चिकटवतात स्टिकर."

आयव्हरीननं पत्ते गोळा केले. "ठेव तो कापूस."

"का?"

"तुझी आई किती वर्षं अशर होती?"

"आईचं नाव काढू नकोस माझ्यासमोर."

"काढणार. किती वर्षं?"

"वीस. बावीस. का?"

"आणि या गावात सहा महिने बर्फाचा चिखल. पांढऱ्या बुटाचं पॉलिश दारापासून गाडीपर्यंत टिकतं का गं? तुझी आई तर बुटांवर पिशव्या बांधून यायची. त्या बाईला माहीत नव्हतं, की पाणी लागलं की हे जातं?"

आर्डेसानं कापसाचं पुडकं टेबलावर ठेवलं.

"माझी मावशी रोझेल होती, नावं फासली त्या टेबलावर," आयव्हरीन म्हणाली. "मरायच्या आधी तिनं मला सांगितलं. मदर क्रेनशॉ शाईची दौत घेऊन आली होती. पक्की काळी शाई, कायद्याच्या कागदांवर वापरतात तसली. बाकीच्या म्हणत होत्या, खिळ्यानं खरवडा. तुझी आई म्हणाली, शाईनं हात खराब होतात, खरवडलं तर लेबल फाटतं, पॉलिश घ्या, मी आणते. मुख्य अशरचा शब्द, ऐकला सगळ्यांनी."

"तू मला हे आज सांगतेस?"

"तू कधी आईचं नाव काढू दिलंस का?"

आर्डेसानं तोंडावर हात धरला. आईनं मारलेली थोबाडीत, मिठाची नि बिलाची बोलणी, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. "मग बोलली का नाही ती? उभी का नाही राहिली तुझ्यासाठी?"

"घाबरली. घाबरट होतीच ती," आयव्हरीन म्हणाली. "पण घाबरटानंही जमेल तेवढं केलं. पुसता यावं म्हणून पुसता येणारं लावलं. आणि तू काय करतेस? आयुष्यभर मोलकरणीसारखी दुसऱ्यांची घाण धुतेस. तू फासलंस का?"

"नाही."

"मग तू का पुसतेस? ज्यांनी फासलं त्यांनी पुसावं. ते मेले असतील तर त्यांच्या पोरांनी."

आयव्हरीननं तिच्यापुढं पत्ते वाटले. पहिला डाव आर्डेसा हरली, दुसरा जिंकली, आणि तिसऱ्याच्या मधेच उठून तिनं पास्टरला फोन लावला. पेटी शंभराव्या वर्षाच्या रविवारी घेऊन येते, म्हणाली. आयव्हरीनही येईल. गाणं सगळ्यांसमोर वाजेल. स्टिकर मात्र एकही आणायचा नाही. पास्टरला आकाश ठेंगणं झालं. पन्नास वर्षांपूर्वी गेलेली लेक शंभराव्या वर्षी परत येतेय, प्रवचनाला याहून चांगलं काय हवं?

रविवारी ग्लोरियस गेट भरून वाहत होतं. टोप्या, फुलं, नातवंडं, डेट्रॉइट नि फ्लिंटहून आलेली माणसं. व्यासपीठाखालच्या टेबलावर आर्डेसानं पेटी ठेवली, ग्रामोफोन ठेवला आणि पाय धुण्याच्या विधीला वापरतात ते पांढरं घमेलं पाण्यानं भरून ठेवलं. लोकांना वाटलं, काहीतरी विधी आहे. आयव्हरीन टाकी ओढत मधल्या वाटेनं आली, जांभळ्या पोशाखात, ओठांना लाल रंग लावून, आणि पहिल्या बाकासमोर उभी राहिली.

पास्टर सुंदर बोलला. हरवलेलं मेंढरू, उघडं दार, सगळं बोलला. मग खाली उतरला आणि उजवा हात पुढं केला. "सिस्टर स्टब्ज, ग्लोरियस गेट तुम्हाला परत घेतंय."

आयव्हरीननं त्या हाताकडे बघितलं. "कोरडा आहे."

"काय म्हणालात?"

"हात कोरडा आहे तुमचा. आधी ओला करून या."

चर्चमध्ये कुजबुज झाली. आर्डेसा टेबलामागून मोठ्यानं बोलली, अशरनं कधी बोलू नये इतक्या मोठ्यानं. "या पेटीतल्या प्रत्येक रेकॉर्डवर या चर्चनं हिचं नाव बुटाच्या पॉलिशनं फासलंय. ज्यांच्या आयांनी, आज्यांनी फासलं त्यांनी एकेक उचलायची. बोटं भिजवायची, नीट पिळायची, हळू पुसायचं. नाव दिसलं की मोठ्यानं वाचायचं. मग हात."

डीकन हॉलोवे ताडकन उठला. "हे काय चाललंय? शंभराव्या वर्षाला तमाशा?"

"बसा खाली, डीकन. तुमच्या आईची तर बाटली संपली होती. दुसरी मागून घेतली तिनं."

कोणीतरी मागून खो खो हसलं. डीकन बसला.

पास्टरचा हात अजून हवेतच होता. "सिस्टर स्टब्ज, माझा तेव्हा जन्मसुद्धा झालेला नव्हता."

"ठाऊक आहे, बाळा," आयव्हरीन म्हणाली. "पण खुर्ची तुला तीच मिळालीय ना? मग खुर्चीबरोबर जे येतं ते घ्यावं लागतं. आम्हाला नाही घ्यावं लागलं?"

पास्टर ग्रिग्स्बी टेबलापाशी गेला. मग त्यानं बाहीचं बटण काढलं, पेटीतली पहिली तबकडी उचलली, बोटं भिजवली. जोरात घासायला लागला तेव्हा आर्डेसा ओरडली, "हळू! रंग जाईल!" तो हळू झाला. पांढरं निघालं. त्यानं वाचलं, "मुख्य आवाज, आयव्हरीन स्टब्ज." आयव्हरीननं त्याचा ओला हात हातात घेतला.

मग रांग लागली. टोप्या सांभाळत बायका आल्या, टाय वर करून पुरुष आले. घमेल्यातलं पाणी दुधासारखं झालं. प्रत्येक जण नाव वाचायचा, कोणी पुटपुटत, कोणी रडत, कोणी अगदी ठणकावून. ज्या भिंतींत ते नाव पन्नास वर्षं उच्चारलं नव्हतं, तिथं ते पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, आणि दर वेळी आर्डेसाच्या मनात येत होतं, ऐक आई, ऐक. डीकन हॉलोवे सगळ्यांत शेवटी आला. त्यानं दोन पुसल्या. एक म्हणाला आईची, एक माझी.

उरली मदर पर्लिन क्रेनशॉ. नव्वदीच्या पुढची, त्या टेबलावरची एकटी हयात बाई, पहिल्या बाकावर पांढऱ्या पोशाखात ताठ बसलेली. तिच्या नातीनं एक तबकडी आणून तिच्या मांडीवर ठेवली, ओला रुमाल हातात दिला.

"आजी, पूस ना."

"नाही पुसणार," मदर क्रेनशॉ म्हणाली. आवाज खणखणीत. "मी तेव्हा केलं ते बरोबरच केलं. शाई वापरू दिली असती तर आज हा प्रसंग आला नसता."

आयव्हरीन टाकी ओढत तिच्यासमोर गेली.

"मग हात मिळायचा नाही, मदर."

"मागितलाय कोणी?"

आयव्हरीन हसली. हसता हसता तिला धाप लागली, नळी सावरावी लागली. "खरंय. नाही मागितलात. या चर्चमध्ये मला तोंडावर सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. पाठीमागे तर सगळेच बोलले." ती वळली, तिच्या शेजारची जागा तिनं डोळ्यांनी मापली. "सरका जरा."

"इथं? ही मदर्सची जागा आहे."

"मी आई झाले म्हणूनच मला बाहेर काढलं होतंत ना? मग माझी जागा इथंच. सरका."

मदर क्रेनशॉ सरकली नाही. आयव्हरीननं टाकी आडवी लावली, कंबर घातली, म्हातारीला बोटभर ढकललं आणि बसली. दोघी खेटून, दोघींच्या हनुवट्या वर. आर्डेसानं तबकडी ग्रामोफोनवर चढवली, मोजे नसलेल्या हातानं सुई टेकवली आणि आवाज जेवढा वाढत होता तेवढा वाढवला.